ब्लॅकपूल : गिरणी कामगारांच्या सुट्टीवर उभं राहिलेलं गाव

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आज बोलायचंय ब्लॅकपूलबद्दल. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, आयरिश समुद्राकाठी हे गाव आहे. आम्ही तिथे किती होतो? शुक्रवारी सकाळी पोचलो आणि शनिवारी संध्याकाळी परत निघालो. दीड दिवस. बरोबर आई-बाबा होते, गेल्या सप्टेंबरमध्ये ते माझ्याकडे मँचेस्टरला आले होते तेव्हा.

ऑफिसमध्ये सांगितलं की आई-बाबांना ब्लॅकपूलला नेतेय, तर सगळे हसले. "अगं, लेक डिस्ट्रिक्टला ने, एडिंबरोला ने. ब्लॅकपूल कशाला?" इथे ब्लॅकपूल म्हणजे थोडा चेष्टेचा विषय आहे. स्वस्तातली मजा, तळलेलं खाणं, डोळे दिपवणारे दिवे, असं काहीसं. पण मला त्यांना तिथेच न्यायचं होतं आणि त्याचं कारण बाबांच्या नोकरीत होतं.

बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९६८ साली बदली कामगार म्हणून लागले, पुढे कायम झाले आणि १९८२ च्या संपात नोकरी गेली. मँचेस्टरला आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "इथून ओल्डहॅम किती लांब?" मला कळेना, यांना ओल्डहॅम कुठून माहीत! तर गिरणीतल्या जुन्या यंत्रांवर ओतीव अक्षरांत नाव असायचं, प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. मुंबईच्या गिरण्यांना यंत्रं पुरवणारी ही मोठी कंपनी. ते नाव त्यांनी रोज पाहिलेलं. ओल्डहॅम तर आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. तिथे जाऊन आलो. मग बाबा म्हणाले, "आता इथले कामगार सुट्टीत कुठे जायचे ते बघू." त्याचं उत्तर ब्लॅकपूल.

मँचेस्टरहून रेल्वेने साधारण सव्वा तास लागतो. वाटेत बोल्टन लागतं, प्रेस्टन लागतं. एके काळची ही सगळी कापसाची गावं, लाल विटांच्या जुन्या गिरण्या अजून अधूनमधून दिसतात. प्रेस्टननंतर जमीन अगदी सपाट होते आणि लांबूनच ब्लॅकपूलचा टॉवर दिसायला लागतो. पूर्वी गाडीतल्या मुलांची पैज लागायची, टॉवर आधी कोणाला दिसतो याची. आमच्या डब्यात पैज बाबांनी जिंकली. आई खिडकीकडे पाठ करून बसली होती, त्यामुळे ती म्हणाली हा अन्याय आहे.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय या गावात काय बघायचं ते कळत नाही.

१८०१ च्या जनगणनेत ब्लॅकपूलची वस्ती पाचशेच्याही आत होती. समुद्राच्या पाण्यात डुंबणं हे औषध आहे असं इंग्लंडमधले डॉक्टर अठराव्या शतकात सांगायला लागले, तेव्हापासून सधन मंडळी किनाऱ्यांवर जायला लागली. ब्लॅकपूललाही थोडी यायची. पण १८४६ मध्ये इथे रेल्वे आली आणि त्या रेल्वेने गिरणी कामगार आले. मग गावाचं रूपच बदललं.

लँकेशरच्या गिरणगावांमध्ये एक रीत होती, वेक्स वीक. मुळात ही गावातल्या चर्चची जत्रा. जत्रेच्या दिवसांत कोणी कामावर यायचंच नाही, तेव्हा मालकांनी विचार केला की सगळी गिरणीच त्या दिवसांत बंद ठेवू आणि बॉयलर-यंत्रांची दुरुस्ती उरकून घेऊ. बघता बघता त्या दोन-तीन दिवसांचा अख्खा आठवडा झाला. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. या आठवड्यात ओल्डहॅम बंद, पुढच्यात दुसरं कुठलं. भोंगा बंद, चिमणीतून धूर नाही, आणि अख्खं गाव रेल्वे स्टेशनवर. शेजारी तिथेही शेजारी. बोल्टनच्या एका गल्लीतली माणसं ब्लॅकपूलच्या एकाच गल्लीत उतरायची.

बाबा म्हणाले, "म्हणजे गणपतीला परळ-लालबाग रिकामं व्हायचं तसं." तसंच! फरक एवढाच की आपले चाकरमानी गावी जायचे आणि यांना जायला गाव उरलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या गिरणीच्या गावातच राहिलेली माणसं. त्यांनी मग समुद्रावर आपलं सुट्टीचं गाव उभं केलं.

आणि पैसे? या आठवड्याचा पगार मिळायचा नाही, हे लक्षात घ्या. भरपगारी सुट्टीचा कायदा ब्रिटनमध्ये झाला १९३८ साली. त्याआधी कामगार काय करायचे, तर गिरणीत, चर्चमध्ये, दारूच्या गुत्त्यात वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पेनी जमा करायचे. सुट्टीच्या आदल्या दिवशी ती रक्कम हातात यायची. आई लगेच म्हणाली, "भिशी गं!" भिशीच. फक्त ही भिशी लग्नासाठी किंवा छपरासाठी नव्हती, आठ दिवस काहीही न करण्यासाठी होती. आईला याचं फार नवल वाटलं. "काही न करायला पैसे साठवायचे?" हे तिने दोन-तीनदा विचारलं.

आम्ही उतरलो ते एका जुन्या गेस्ट हाउसमध्ये. किनाऱ्यामागच्या गल्ल्यांत अशी घरं ओळीने आहेत. तीन मजली, चिंचोळी, पुढे काचेची बैठकीची खोली. चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या, आधी त्यांच्या सासूबाई चालवायच्या. त्यांनी जुन्या पद्धतीची एक गोष्ट सांगितली. पूर्वी पाहुणे शिधा स्वतः आणायचे. मटण, बटाटे, अंडी, प्रत्येक कुटुंबाचं वेगळं. घरमालकीण प्रत्येकाचं त्यांच्यात्यांच्यापुरतं शिजवून द्यायची आणि भाडं फक्त खोलीचं आणि रांधण्याचं घ्यायची. काही जणी तर टेबलावरच्या मीठ-मिरीच्या भांड्याचेही वेगळे पैसे लावायच्या, त्यावरून अजून विनोद चालतात. हे ऐकताना मला आपल्या गिरणगावातल्या खानावळी आठवल्या. एका खोलीत वीस-पंचवीस माणसांचं जेवण रांधणाऱ्या बायका. कामगारांचं पोट आणि कामगारांची सुट्टी, दोन्हींच्या मागे चुलीपाशी कोणीतरी बाई उभी होतीच.

आईने त्यांना विचारलं, मी मध्ये दुभाषी, "मग तुम्ही कधी सुट्टीला जायचात?" बाई म्हणाल्या, "नोव्हेंबरमध्ये. हंगाम संपला की. स्पेनला." आणि खळखळून हसल्या. त्या हसण्याचं कारण पुढे सांगते.

याच घरातला एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. बाबांना कमी ऐकू येतं. साच्यांच्या खडखडाटात चौदा वर्षं काढली की कान जातातच. न्याहारीच्या वेळी त्या बाई बोलत होत्या आणि बाबा त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होते. बाई मध्येच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "तुझे वडील विणकर होते का?" मी चाट पडले. त्यांची आई बर्नलीला विणाईखात्यात होती. खात्यात आवाज इतका की बोलणं ऐकू जाणं शक्यच नाही. म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता, ओठ मोठे मोठे हलवून आणि हातवारे करून बोलायच्या. लँकेशरमध्ये याला 'मी-मॉ' असं नावच आहे. घरी आल्यावरही त्यांची सवय जायची नाही. बाई म्हणाल्या, "माझी आई असंच बघायची, ओठांकडे."

मी बाबांना हे सांगितलं. बाबांनी काही न बोलता हाताने खूण केली. धोटा इकडून तिकडे जातो तशी, आणि मग दोन बोटं वर. म्हणजे साचा बंद पडलाय, जॉबरला बोलाव. बाईंना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण त्यांनी त्यांच्या आईची एक खूण करून दाखवली, कप तोंडाला लावल्याची. चहाची सुट्टी झाली! ही सगळ्यांनाच कळली. बाबांना इंग्रजी येत नाही, बाईंना मराठीचा गंध नाही. पुढे दहा मिनिटं माझी कोणालाही गरज पडली नाही.

असो. गावात काय बघितलं ते सांगते.

ब्लॅकपूलला तीन पिअर आहेत. पिअर म्हणजे लोखंडी खांबांवर समुद्रात लांबवर नेलेला लाकडी फळ्यांचा धक्का, फिरायला. पहिला नॉर्थ पिअर, १८६३ चा. जवळजवळ पाचशे मीटर आत जातो. इथे समुद्राला ओहोटी लागली की पाणी फार दूर जातं. मोठ्या भरती-ओहोटीत पातळीचा फरक आठ-नऊ मीटर पडतो, आपल्या मुंबईच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे पाण्यावर चालल्याचा आनंद घ्यायचा तर असा लांब धक्काच हवा. नॉर्थ पिअर होता प्रतिष्ठितांचा. प्रवेशाला पैसे, चांगले कपडे, बँडचं संगीत. कामगारांची गर्दी वाढली तशी पाच वर्षांत, १८६८ मध्ये, दुसरा धक्का झाला, आजचा सेंट्रल पिअर. तिथे उघड्यावर नाच चालायचा आणि लोक त्याला जनतेचा पिअर म्हणायचे. तिसरा साउथ पिअर १८९३ चा. आजही नॉर्थवर शांतता आणि सेंट्रलवर मोठा पाळणा, खेळ आणि गोंगाट. दीडशे वर्षांपूर्वीची विभागणी अजून कानाला कळते.

टॉवर १८९४ मध्ये सुरू झाला. गावाचे मेयर जॉन बिकरस्टाफ पॅरिसला आयफेल टॉवर बघून आले आणि आपल्याकडेही हवा म्हणाले. उंची १५८ मीटर, म्हणजे आयफेलच्या निम्म्याहून थोडी कमीच. पण खरी गंमत टॉवरच्या पायथ्याच्या इमारतीत आहे. तिथे सर्कस आहे, आणि नाचाचं दालन, टॉवर बॉलरूम. १८९९ चं, फ्रँक मॅचम या नाट्यगृहांच्या नामांकित वास्तुकाराने केलेलं. सोनेरी सज्जे, रंगवलेलं छत, झुंबरं, पायाखाली तीस हजारांहून जास्त लाकडी ठोकळ्यांची जमीन. एखाद्या राजवाड्यात शोभेल असं दालन आणि ते कोणासाठी? आठवडाभर सुताच्या धुळीत उभं राहणाऱ्या पोरींसाठी. तिकीट काढलं की तुम्ही त्या झुंबराखाली.

दुपारी आम्ही तिथे चहा घेत बसलो. व्यासपीठावर जमिनीतून ऑर्गन वर येतो, वादक वाजवतच वर येतो, आणि म्हातारी जोडपी नाचायला उतरतात. कितीतरी जोड्या बायका-बायकांच्याच होत्या. आई बघत राहिली. "फुगडीच आहे की ही, जरा सावकाश." मग म्हणाली, "गावी गौरीला जायचो ना आम्ही, तेवढी रात्रीची फुगडी माझी. बाकी सुट्टी कसली, लावणी झालेली असली तरी बेणणी असायची, चूल असायची, आलं-गेलं असायचं." हे ती तक्रार म्हणून बोलली नाही. पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. आमच्या घरी 'सुट्टीत गावी' म्हटलं की मला आंब्याची झाडं आठवतात. तिला काय आठवतं, हे मी विचारलंच नव्हतं.

वाळूवर गाढवांची सवारी असते, मुलांसाठी. आम्ही शुक्रवारी गेलो तर एकही गाढव नाही. कळलं की नगरपालिकेचा नियमच आहे, शुक्रवारी गाढवांना सुट्टी. शिवाय रोज दुपारी तासाभराची जेवणाची सुट्टी. बाबा म्हणाले, "बदलीवाल्यापेक्षा गाढव बरं म्हणायचं!" यात विनोद होता आणि नव्हताही. आपल्याकडे कारखाना कायद्यात भरपगारी रजा होती, पण त्यासाठी वर्षात २४० दिवस भरावे लागायचे. रोज सकाळी गेटवर उभं राहून काम मिळालं तर मिळालं, अशा बदली कामगाराचे २४० दिवस भरायचे कसे?

रात्री दिवे बघितले. १८७९ मध्ये ब्लॅकपूलने किनाऱ्यावर विजेचे आठ कमानी दिवे लावले होते, लोक म्हणे कृत्रिम सूर्यप्रकाश बघायला लोटले. आज किनाऱ्याने सुमारे दहा किलोमीटर रोषणाई असते. यामागे व्यवहार आहे. वेक्स वीक संपले की सप्टेंबरमध्ये हंगाम संपायचा. अंधार लवकर पडतो, थंडी सुरू होते. मग त्या अंधाराचंच भांडवल केलं आणि हंगाम काही आठवडे पुढे ओढला. खालून ट्राम जाते, १८८५ पासून चालू असलेली, विजेवरच्या जगातल्या सगळ्यात जुन्या ट्राममार्गांपैकी एक. वरच्या मजल्यावर बसून दिवे बघायचे. दादर चौपाटीचा वारा परवडला म्हणावं असा वारा होता, पण आई कानाला मफलर गुंडाळून शेवटपर्यंत बसली.

आता त्या बाईंच्या हसण्याकडे येते. १९६०-७० च्या सुमाराला विमानाने स्वस्तात स्पेनला जाता यायला लागलं. तिथे ऊन नक्की, इथे पावसाचा भरवसा. आणि त्याच वर्षांत लँकेशरच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. गिरणीच नाही तर वेक्स वीक कसला? दोन्हीकडून मार बसला. माणसं अजूनही लाखांनी येतात, पण दिवसभरासाठी येतात, नाहीतर एखादी रात्र, आमच्यासारखी.

शनिवारी सकाळी मी एकटी मागच्या गल्ल्यांतून फिरून आले. किनाऱ्यापासून तीन-चार मिनिटांवर. पाहुण्यांसाठी बांधलेली तीच चिंचोळी घरं, पण दारावर सात-आठ घंट्या. एकेक खोली वेगळ्या माणसाला भाड्याने. ज्यांना दुसरीकडे परवडत नाही, ज्यांचं काम गेलंय, घर मोडलंय, अशी माणसं इथे येतात. त्यातले कित्येक लहानपणी सुट्टीला इथे आलेले असतात. आयुष्यात आनंदाची जागा म्हणून हेच गाव आठवतं, म्हणून इथे येतात. इंग्लंडच्या २०१९ च्या सरकारी निर्देशांकात सर्वांत वंचित दहा वस्त्यांपैकी आठ या एका गावातल्या होत्या. इथल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान इंग्लंडमध्ये सर्वांत कमी, ७३-७४ वर्षं. २०२१ साली इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांनी आपला वार्षिक अहवाल किनारी गावांच्या आरोग्यावरच लिहिला, ते उगाच नाही.

आमच्या गेस्ट हाउसच्या बाईही या हंगामानंतर घर विकणार आहेत. गुडघे चालत नाहीत, मुलं दुसरीकडे. घ्यायला कोण तयार आहे? खोल्या पाडून भाड्याने देणारा माणूस. त्यांना ते आवडत नव्हतं, पण दुसरं गिऱ्हाईक नाही. बाबांनी विचारलं, "भाव तरी बरा आला का?" गिरणीच्या जमिनींचे भाव आणि त्यातलं कोणाला काय मिळालं, हे बघितलेल्या माणसाचा प्रश्न.

मला स्वतःला काय वाटलं ते सांगते आणि थांबते. ब्लॅकपूलला हसणं सोपं आहे. पण कष्ट करणाऱ्या माणसालाही झुंबराखाली नाचायचा, वाळूवर रिकामं बसायचा हक्क आहे, हे या गावाने फार लवकर धरून चाललं. आणि ती सुट्टी कोणी दिली नव्हती. कामगार कामावर यायचेच नाहीत म्हणून गिरण्या बंद ठेवाव्या लागल्या, आणि पेनी पेनी जमवून त्यांनी तो आठवडा आपला केला. सगळे एकदम थांबायचे, म्हणून कोणाला कोणी बोलवू शकत नव्हतं. मला वर्षाला पंचवीस दिवस रजा आहे, सगळी भरपगारी. तरी त्या दीड दिवसात ऑफिसचे निरोप फोनवर येतच होते. आम्ही थांबतो ते एकेकटे, म्हणून काम थांबत नाही.

जायचं असेल तर थोडं कामाचं. दिवे साधारण ऑगस्टअखेर सुरू होतात, बघायचे तर त्यानंतर जा. वाऱ्याची टोपी, कानपट्टी न्याच. फिश अँड चिप्सच्या दुकानात, नुसत्या चिप्स घेणार असाल तरी, तळण कशात आहे ते आधी विचारा. इंग्लंडच्या उत्तरेला गोमांसाच्या चरबीत तळणारी दुकानं बरीच आहेत. सोबत हिरव्या वाटाण्यांचा लगदा मिळतो, तो थोडा आपल्या रग्ड्यासारखा, फक्त मसाल्याविना, आईने पिशवीतून चटणी काढून ती उणीव भरून काढली. खाताना समुद्रपक्ष्यांवर नजर ठेवा, हातातलं पळवतात. आणि रॉक आणा. ही साखरेची कडक कांडी, कुठेही मोडली तरी आत गावाचं नाव. रंगीत साखरेच्या पट्ट्यांची अक्षरं जुळवून आधी भला जाड लोळा करतात आणि मग तो ओढून ओढून बोटाएवढा बारीक करतात, म्हणून अक्षरं टोकापासून टोकापर्यंत जातात. बाबांनी लालबागच्या मित्रांसाठी सहा घेतल्या.

तुमच्यापैकी कोणाचे आई-वडील, आजोबा गिरणीत असतील तर मला जरूर लिहा, रजा मिळाली की ते काय करायचे. आणि आईला वेगळं विचारा, तिची रजा कुठली होती. पुढच्या भागात तुमच्या आठवणी वाचून दाखवीन. तोवर काळजी घ्या. नमस्कार.